भिंतीतून येणारा नवरा

आमच्या वरच्या मजल्यावरचे गद्रेकाका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हर्नियर कॅलिपर घेऊन चित्रात नसलेल्या एका माणसाची हनुवटी मोजत.

इथे स्टुटगार्टलाच एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पिस्टन तपासले होते. निवृत्तीनंतर पिस्टन मिळत नाहीत म्हणून हे, असं मी धरून चालले होते. त्यांची जर्मन बायको, रेनाटेकाकू, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी इना दुसऱ्या शहरात, गार्चिंगला.

चित्र इंग्लंडचं, दीडेकशे वर्षांपूर्वीचं. काकूंनी जुन्या बाजारातून आणलेलं. जिन्यात राखाडी झग्यातली एक बाई दिवा घेऊन उभी, मागे काळी भिंत. चहाला गेलं की आधी इतिहास ऐकावा लागे.

"आल्झो, तर चित्रकारानं आधी तिच्यामागे नवरा काढला होता. परत आलेला. पण तिकडे तेव्हा वाट बघणारी एकटी बाई दिवाणखान्यात टांगायची फॅशन. नवरा आला, की चित्रातली गंमत गेली! म्हणून त्यानं नवऱ्यावर भिंत रंगवली. आता तो वरचा रंग म्हातारा झालाय. म्हातारा रंग पारदर्शक होतो."

आणि खरंच, माणूस भिंतीतून येत होता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसती कॉलर होती. मग कान, मग हनुवटी. त्या हिवाळ्यात एक डोळा आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी खुर्ची फिरवून चित्राकडे पाठ केली. पाठीला तो डोळा जास्तच जाणवायला लागला, तेव्हा मुकाट्यानं परत फिरवली.

टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. "सुनंदा, हसू नकोस, रीडिंग हलतं."

"काका, हा पुरता बाहेर आला तर करायचं काय?"

"करायचं काय? चहा विचारायचा."

ईस्टरला इनाच्या पाच वर्षांच्या लेनानं तो डोळा पाहिला आणि किंचाळत जिना उतरली. पुन्हा आजोबांच्या घरात पाऊल टाकायला तयार होईना. इनाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काका मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तरं देई. "पपा, एक तर ते चित्र ठेवा, नाहीतर लेनाला बोलवा."

काका दोन दिवस जेवले नाहीत. मग मीच जुनी चित्रं दुरुस्त करणारी एक बाई शोधली आणि चित्र चादरीत गुंडाळून गाडीत घातलं. काका मागे बसले, चित्र धरून. चढावरच्या सिग्नलला ते अचानक बोलायला लागले.

"शेवटच्या वर्षी रेनाटे मला ओळखत नव्हती गं. परक्या माणसाला म्हणतात तसं 'झी' म्हणायची, 'तुम्ही'. पण रोज चित्रातल्या त्या भिंतीपाशी न्यायची. माझंच नाव घेऊन म्हणायची, हा माझा मधुकर, येतोय बघा. तुमच्याकडे माप आहे ना? किती आला, जरा सांगा. मी मोजायचो. मिलिमीटर ऐकले की शांत झोपायची."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. वरून रंग देऊन झाकता येईल, म्हणाल्या, माणूस अजिबात दिसणार नाही. मग काकांकडे बघून पुन्हा विचारलं, "नक्की झाकायचा?"

"गेनाऊ, अगदी नक्की," काका म्हणाले. "नातीला घरी यायचंय."

फॉर्म आला. नाव, पत्ता, चित्राची लांबी-रुंदी. लांबी-रुंदी काकांना तोंडपाठ होती. शेवटच्या रकान्यात काय झाकायचं ते लिहायचं होतं. मग ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत काकांनी लिहिलं: मधुकर गद्रे.

बाईंना वाटलं, म्हाताऱ्यानं सही भलत्याच रकान्यात केली. खोडायला त्यांनी पेन उचललं.

"राहू द्या," मी म्हटलं. "बरोबर आहे."