कंदीलवाल्या म्हातारीवरून दरबारी तंटा जाहला त्याची हकीकत

श्रीगजाननास दंडवत, कुलस्वामिनीस दंडवत, आणि ज्यांच्या वायफायवर ही दौलत चालते त्या शेजाऱ्यांस विशेष दंडवत. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ वद्य पक्षी, रविवारी दोन प्रहरी दरबारी जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले. मुलुखाचे नाव सांगत नाही. मागे एकदा सांगितले, तर लोक घरी येऊन आमच्याशी भांडले.

तर या मुलुखी ऋतूऋतूस जपानाहून नव्या ॲनिमे मालिका, म्हणजे हलत्या चित्रांच्या कथा, येत, आणि आठवड्यास एकेक भाग उतरे, आणि कायदा ऐसा की तीन भाग पाहिल्यावाचून कोणी मत देऊ नये, मग दरबारी कौल घ्यावा, आणि कौलात पडली त्या मालिकेचे नाव पुन्हा कोणी काढू नये. दुसरा कायदा त्याहून कडक. पुढे काय घडणार हे आगाऊ सांगून जो स्पॉयलर देईल त्यास एक ऋतु हद्दपारी. त्या सालच्या सात मालिकांत नायक पहिल्याच भागी मालट्रकाखाली येऊन परलोकी जन्मला, आणि सरदार हैबतराव, ज्यांचा आवाज मोठा आणि मत त्याहून मोठे, ते सातही मालिकांचे कैवारी. आठवी मालिका सगुणाबाईंच्या आवडीची. तीत एक म्हातारी घाटमाथ्यावर कंदील लाविते, वाटसरू येतो, चहा पितो, निघून जातो. बस्स!

दरबाराचे धनी श्रीमंत सोफ्यावर विराजमान जाहले, चकल्यांचे ताट फिरले, आणि सगुणाबाई, ज्या एरवी दरबारी तोंड उघडीत नसत, उभ्या राहून बोलत्या जाहल्या, "श्रीमंत, ही मालिका पाडू नये. घरी मजला एकटीस पाहावी लागेल, आणि पाहून झाल्यावर कोणाशी बोलू? भिंतीशी? आठवडाभर मी या एका भागाची वाट पाहते." ते ऐकून आम्हांस गहिवर आला, तरी आम्ही गप्प राहिलो, कारण आम्ही बखरकार, जिकडे बहुमत तिकडे आमचे मत.

हैबतराव गरजले, "अहो बाई, यात घडते काय? डोंबल! नुसता चहा उकळतो. अगदी रटाळ! ती म्हातारी शेवटी कंदील त्या मुक्या पोरीच्या हाती देऊन घाट उतरते, तेसुद्धा किती सावकाश!"

चकली मोडल्याचा आवाज ऐकू आला. श्रीमंत म्हणाले, "हैबतराव, भाग तीनच आले. मुकी पोर कोण?"

हैबतरावांचे तोंड पांढरेफटक पडले, आणि त्यांनी पाणी मागितले, आणि ठसका लागला, आणि मग कबूल जाहले, की दुसरा भाग पाहिल्यावर आठवडा काढवेना, म्हणोन मूळ मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, पाचही पुस्तके मागवून तीनदा वाचली, आणि इभ्रतीस्तव दरबारी नावे ठेविली.

सगुणाबाईंचे डोळे भरले. "म्हातारी जाते?" एवढेच बोलल्या. हैबतराव हात जोडून म्हणाले, "चुकलो, बाई. पण पुढे काय होते ऐका तर..." त्यावर बाई कडाडल्या, "खबरदार! एक अक्षर काढाल तर!"

श्रीमंतांनी मालिका राखिली आणि हद्दपारीचा हुकूम सोडणार, तो सगुणाबाईंनी अर्ज केला, की यांस बाहेर घालवू नये, दर रविवारी मजशेजारी बसवावे, आणि तोंडातून चकार शब्द काढू देऊ नये. हैबतराव रडकुंडीस येऊन म्हणाले, "त्यापेक्षा हद्दपारी बरी, सरकार." हुकूम बाईंच्या अर्जाप्रमाणेच कायम जाहला.

मग नऊ आठवडे सरदार ओठ चावीत बसले, आणि बाराव्या भागी म्हातारी घाट उतरली. सगुणाबाई ठाऊक असल्याने सावध होत्या. शेजारी पाहतात तो तीनदा वाचलेले हैबतराव हमसून हमसून रडताहेत. बाईंनी पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "आता बोला."

येणेप्रमाणे तंटा मिटला. हैबतराव बोलू लागले ते चकल्या संपल्या तरी बोलतच होते, आणि सगुणाबाई ऐकत होत्या. जैसे जाहले तैसे लिहिले, इति.