ठकूबाईची हजेरी

उजाडलं की ठकूबाई वृद्धाश्रमातल्या एकेका खाटेपाशी जायची, पांघरुणात हात घालून झोपलेल्याच्या पायाचा अंगठा धरायची, जोरात ओढायची आणि विचारायची, "हायेस का गेलास?"

"आहे, आहे! सोड!" असा आरडाओरडा झाला की "बरं" म्हणून ती पुढच्या खाटेकडे वळायची. बायकांना "गेलीस" आणि पुरुषांना "गेलास", एवढाच काय तो भेद. बाकी कोण कुठला साहेब होता, कोणाचा बंगला होता, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. एका आजोबांचा अंगठा मधुमेहापायी काढून टाकलेला होता. त्यांची ती करंगळी ओढायची.

मी तिथे नर्स. राहायला शहापुरात, आश्रम शेणव्याच्या वाटेवर, रस्त्यापासून आत, शेतांच्या मधे. मी एसटीतून उतरून फाटकातून शिरले की ठकूबाई ओट्यावरून ओरडायची, "शिस्टर, समदी हायेत गो!" मग मी पिशवी ठेवायचे आणि रक्तदाब तपासायला निघायचे. माझं यंत्र अधूनमधून चुकायचं. तिचं कधी चुकलं नाही.

ती धसईकडच्या एका गावातली. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. पुतण्याने "काकू, दवाखान्यात दाखवून आणतो" म्हणून रिक्षात बसवलं आणि आमच्या दारात उतरवलं. सुरुवातीला ती सगळ्यांना सांगत होती, "दवाखाना लय मोठा हाय, पर डॉक्टर काय येत नाय." मग एक दिवस तिला उमगलं. ती रडली नाही, भांडली नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवसापासून अंगठे ओढणं सुरू झालं.

तिला "आजी" म्हटलेलं खपायचं नाही. "मला पोर नाय, तर नातू कुठनं आला? ठकूबाई म्हन." जेवणावर तिचा राग कायमचा. आमच्याकडचा भात म्हाताऱ्यांना चावायला नको म्हणून गिच्च शिजवलेला असायचा. जन्मभर भाताची लावणी केलेल्या त्या बाईने पहिल्याच घासाला ताट सरकवलं. "ह्यो भात नाय. भाताचं मयत हाय."

तिच्या या हजेरीला हॉलमधले सबनीसकाका फार वैतागायचे. एकदा त्यांनी ठरवून श्वास रोखला आणि डोळे मिटून निपचित पडले. ठकूबाईने अंगठा ओढला, पुन्हा ओढला, मग खाली बसकण मारून खणखणीत गळा काढला, "अरे माझ्या सबन्या रं! कसा गेलास रं! रोज माझ्या वाटनीचं केळं खात व्हतास रं! आता ते केळं कोन खाईल रं!"

काका ताडकन उठून बसले. "केळ्याशिवाय माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही का?"

ठकूबाईने डोळे पुसले. "अजून मर, मग आठवीन."

सगळा हॉल हसला. तिथे हसू क्वचितच ऐकू यायचं. खाटेला खाट लागलेली असायची, पण शेजारच्याचं गाव कोणतं हे कोणी विचारत नव्हतं. विचारून करायचं काय? खाटा बदलत राहायच्या. कोणी गेलं की आमचा व्यवस्थापक मोकाशी मागच्या अंगणात गाडी बोलवायचा, स्वयंपाकघराच्या दारातून माणूस बाहेर जायचा, गादी उन्हात पडायची. कोणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर होतं, "त्यांना मुलाकडे हलवलंय." मोकाशी माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांच्या मनावर परिणाम होतो, असं त्याला मनापासून वाटायचं. आम्हीही तेच उत्तर द्यायचो.

पावसाळ्यात सबनीसकाका गेले. पहाटेच गेले आणि उजाडायच्या आत त्यांना हलवलं. मी पोचले तेव्हा ओट्यावरून हाक आली नाही. आत ठकूबाई काकांच्या रिकाम्या खाटेपाशी उभी होती आणि मोकाशी तिला समजावत होता.

"काकांना मुलाकडे हलवलंय, ठकूबाई."

तिने खिडकीतला पेला उचलून त्याच्या नाकासमोर धरला. पाण्यात काकांची कवळी होती. "मुलाकडं गेला नि दात हितं ठेवून गेला?"

मोकाशीने पेला घ्यायला हात पुढे केला, तिने तो मागे घेतला.

"माझ्या गावात कुत्रं मेलं तरी चार घरांत कळतं," ती म्हणाली. "मानसं काय मांजरी हायेत, पोत्यात घालून मागच्या दारानं सोडायला?"

"बाकीच्यांना त्रास होतो, ठकूबाई."

"मरनाचा तरास नाय व्हत रे. असं गुपचूप नेतात, त्याचा व्हतो."

ती जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवी बसली. नाश्ता बाहेर येईना. मोकाशी चिडला, पण तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरचे गुरुजी उठले. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली, असंच आम्ही धरून चाललो होतो. भिंत धरत ते मोकाशीपर्यंत आले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मला... मूल नाही. मला... कुणाकडे हलवणार?"

कोणीही नाश्ता मागितला नाही.

काकांचा मुलगा नाशिकहून निघाला होता आणि शहापुरातच गाडी गाठून तिथूनच पुढे नेणार होता. मोकाशीने त्याला फोन लावला. बराच वेळ बोलला, शेवटी गाडी परत आणायला सांगितलं. दुपारी गाडी परत आली, पुढच्या फाटकातून. काकांना ओट्यावर ठेवलं. ज्यांना चालता येत होतं ते चालत आले, बाकीच्यांना आम्ही खुर्चीतून आणलं. कोणी तोंडात तुळशीचं पान ठेवलं, कोणी नुसता पायाला हात लावला. ठकूबाईने कवळी बसवून दिली. "बोळकं तोंड घेऊन जाऊ नको," म्हणाली. मुलगा एका कोपऱ्यात उभा राहून रडत होता. बापाची एवढी माणसं असतील, हे त्याला माहीत नव्हतं. खरं तर सकाळपर्यंत ती नव्हतीही.

त्यानंतर मागच्या दाराने कोणी गेलं नाही. मोकाशीनेच तसं सांगून टाकलं. माणसं एकमेकांना गावं विचारू लागली. गुरुजी बोलू लागले, थांबत थांबत, पण बोलू लागले. चालती-फिरती माणसं जेवताना अंथरुणावरच्यांच्या खाटेशी ताट घेऊन बसू लागली. भात मात्र तसाच राहिला.

या सगळ्यापासून एकच बाई लांब होती, इनामदार मॅडम. डोंबिवलीच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना वेगळी खोली होती आणि ठकूबाईच्या धास्तीने त्या आतून कडी लावून झोपायच्या. ठकूबाई दाराबाहेरून ओरडायची, "हायेस का गेलीस?" आतून करडं उत्तर यायचं, "आहे. आणि 'हायेस' नव्हे, 'आहेस' म्हणावं."

"तू कशी का व्हयना, हायेस ना? झालं तर!"

कधी व्हरांड्यात गाठ पडली की मॅडम सुधारायच्या, "'नाय' नव्हे, 'नाही'." ठकूबाई म्हणायची, "नाय तर नाय." हे रोजचं होतं.

थंडीत मॅडमना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून परत पाठवलं, तेव्हा त्या उठण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. कडी सुटली. मुलगी, शमा, ऑस्ट्रेलियाहून निघाली होती. ठकूबाई न विचारता आत शिरली आणि पलंगाशी जमिनीवर बसली. ती त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसायची, कूस बदलायला मला हात द्यायची. अंगठा मात्र तिने ओढला नाही.

एका दुपारी मॅडमनी डोळे उघडले आणि ठकूबाईचा हात धरला. "शमा? आलीस?"

मी सांगायला पुढे झाले, की शमाताई वाटेत आहेत. ठकूबाईने मला हातानेच थांबवलं. घसा खाकरला. मग जिभेवर खडा ठेवल्यासारखी सावकाश म्हणाली, "हो, आई. आले मी."

"परीक्षा झाली का गं?"

"झाली, आई."

"पहिली आलीस?"

ठकूबाई घुटमळली. शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई ती. "दुसरी आले, आई."

मॅडमच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी आली, मग हसू आलं. "असू दे. जाऊ नकोस हं आता."

"नाही, आई. जात नाही. इथेच आहे."

संध्याकाळ व्हायच्या आत मॅडम गेल्या. तोवर खोलीतून तो आवाज येत होता, "हो, आई. आहे, आई." दारात उभे राहिलेले गुरुजीही आत आले नाहीत.

शमा दुसऱ्या दिवशी पोचली. ओट्यावर ठेवलेल्या आईपाशी बसून तिने पहिलंच विचारलं, "एकटी होती का हो?"

"नाय," ठकूबाई म्हणाली. "तुझ्याशीच बोलत व्हती. परीक्षेचं इचारलं. खुशीत गेली."

सगळं आटोपून गाडी गेली, तेव्हा ठकूबाई मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी शेजारी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "शुद्ध बोलता येतं की तुम्हाला."

तिने सुपातले खडे बाजूला काढले.

"माझी आय माझ्या जलमाच्या वक्ताला गेली, शिस्टर. बापानं दुसरी आनली, तिला मावशी म्हनायची. सासू व्हती, ती आत्या." तिने आणखी एक खडा वेचला. "काल बाय डोळं मिटून पडली व्हती, काय ऐकत बी नव्हती. तरी मी आपली 'आई, आई' म्हनतच व्हते."

मग तिने सूप हलवलं आणि विचारलं, "बरं वाटलं का गो कानाला? का चुकत व्हते?"

"नाही," मी म्हटलं. "चुकलं नाही."