मटार सुरवंटाने मोहीम थोपविली त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असो, वाग्देवता लेखणीच्या टोकाशी बसो, आणि ऐकणाराचा चहा निवण्याआधी ही कथा पुरी होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र वद्य पक्ष, शाळांच्या परीक्षा सरून पोरांच्या फौजा मोकळ्या सुटल्या, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. इमारतीचा तिसरा मजला, दोन दालने, एक मुदपाकखाना आणि पश्चिमेस गॅलरी, इतकाच मुलूख. परंतु पसारा पाहावा तर दिल्लीच्या तख्तास पुरून उरेल. राजे हेमंतराव, मनाने थोर, परंतु सहलीचा बेत मांडू लागले म्हणजे साक्षात सेनापती. राणी मंजिरीबाईसाहेब, दिवसा वाचनालयात चाकरी करीत आणि उरल्या वेळी राज्य चालवीत. कन्या केतकी, वय वर्षे अकरा, बुद्धीने तल्लख, जिभेने त्याहून. पुत्र अबीर, वय वर्षे सात, त्याचे वर्णन करू जाता तो जागेवर सापडत नाही.

राणीस एक वतन होते. शहरात चित्रकारांचे एक मंडळ, ते दर ज्येष्ठात सभागृहात प्रदर्शन भरवी, आणि खिडकीशेजारची वीतभर भिंत लग्नाआधीपासून राणीची. त्या भिंतीवर जलरंगातले एक चित्र टांगावे, लोकांनी थांबावे, पाहावे, पुढे जावे, एवढेच त्या वतनाचे उत्पन्न. परंतु मागली तीन वर्षे कधी पोराचा ताप, कधी घराची रंगरंगोटी, कधी राजांची मोहीम, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, आणि भिंत रिकामीच राहिली. मग चैत्रात मंडळाच्या कारभारीण कुमुदिनीताई यांचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "मंजिरी, अगं तीन वर्षं जागा राखली तुझी. लोक विचारतात, इथं नुसता खिळा बघायला ठेवलाय का? यंदा चित्र नाही आलं ना, तर मला ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस." राणीने "नाही हो, देते की यंदा" म्हणून फोन ठेवला, आणि ओट्याशी उभी राहिली, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजावयाच्या राहून गेल्या. वतन खालसा होण्याचे दुःख मानाचे नव्हते. ती भिंत गेली म्हणजे आपण चित्रे काढीत होतो ही गोष्ट जगात एका आपणासच ठाऊक राहील, आणि काही वर्षांनी आपणही विसरू, हे भय होते.

इकडे राजांनी वैशाखातील मोहिमेचा नकाशा भिंतीस चिकटविला. रोज नवे गाव, रोज नवे ठाणे, एक धबधबा, दोन किल्ले, एक धरण, आणि उजाडताच कूच. राणीने विचारिले, "अहो, एखाद्या ठिकाणी दोन दिवस नाही का राहता येणार? मला जरा बसून रंगवायचं होतं." राजे बोलिले, "रंगव की! गाडीत बसून रंगव. मी हळू चालवतो." राजांच्या मनात कपट तिळमात्र नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे, ज्याने कधी ब्रश धरिला नाही त्यास घाटातील वळणे आणि जलरंग यांचे वैर कसे कळावे? आणि इकडे पोरांस शाळेने सुटीचा प्रकल्प लावून दिला, एखाद्या जिवाचे निरीक्षण करावे. मग गॅलरीतील कडीपत्त्याच्या कुंडीवर सुरवंट सापडले. प्रथम ते पाखराच्या विष्ठेसारखे दिसत, म्हणून राणीने फडक्याने पुसावयास घेतले, तो केतकीने किंकाळी फोडिली आणि त्यांस अभय मिळाले. मुंग्यांनी काही नेले, बुलबुलाने काही टिपले, आणि एक उरला. तो कात टाकून हिरवागार आणि गुबगुबीत निघाला, आणि अबीराने त्याचे नाव मटार ठेविले. मटार दिवसभर खाई. राज्यात आमटीला कडीपत्ता मिळेनासा जाहला.

मोहिमेचा दिवस आला, आणि मटारास मागे ठेवणे पोरांस मंजूर नव्हते. म्हणून त्याची बरणी, बरणीत डहाळी, तोंडास मलमलीचे फडके, ऐसा सरंजाम गाडीत आला. राणीनेही आपली लाकडी फळी घेतली, तिजवर उत्तम कागद चारी बाजूंनी पट्ट्यांनी ताणून बसविलेला. तसला कागद एकच उरला होता. बाकीच्यांवर अबीराने मासे काढून ठेविले होते. पहिला मुक्काम डोंगरापायथ्याच्या एका गावी, द्रौपदाकाकू नामे बाईच्या घरी पडला. काकू एकट्या राहत, पाहुण्यांस दोन खोल्या देत आणि भाकरी अशी करीत की राजांनी पहिल्याच जेवणात धबधब्याचे नाव काढिले नाही. राणीने घडवंचीवर फळी उभी केली, पडवीत, डोंगर समोर दिसेल ऐशी, आणि सकाळी कूच करण्याआधी घटकाभर तरी काही रेखाटावे असे मनाशी धरून निजली. सकाळी उठून पाहते तो बरणीचे फडके सैल आणि आत नुसती डहाळी. फडके कोणी सैल ठेविले या प्रश्नावर अबीर एकाएकी फार कामात गेला. मग खाटांखाली, पांघरुणांत, राजांच्या बुटांत शोध चालला, आणि केतकी पडवीतून ओरडली, "इकडे या! कोणी पळू नका! हळू या!" पाहतात तो मटार चालत चालत राणीच्या फळीच्या वरच्या कडेवर जाऊन बसला होता आणि आपल्या अंगाभोवती रेशमाचा बारीक धागा घालून कमरेस पट्टा बांधावा तसा स्वतःस बांधून घेत होता. केतकी म्हणाली, "कोष करतोय तो. आता फळीला कोणी हात लावायचा नाही. पुस्तकात लिहिलंय, हलवला तर मरतो." राणी म्हणाली, "केतकी, फळी माझी आहे." केतकी म्हणाली, "पण आई, मटार आमचा आहे."

त्या दिवशी कूच लांबले. दुपारी ऊन कडक, सारे घर जेवून निजलेले, आणि राणी एकटी पडवीत आली. पेन्सिलीस टोक करावयाचे पाते हाती होते. धागा तो केवढा, केसाहून बारीक. पाते लावावे, कोष उचलून कुंपणाच्या डहाळीवर ठेवावा, आणि पोरे उठल्यावर वाऱ्याने पडला म्हणावे, कोण पुसतो? येथे राणीचे मन किती काळे जाहले होते हे झाकण्यात अर्थ नाही. तीन वर्षांचे साचलेले होते ते. ज्याने त्याने आपापला मटार आणावा आणि तो आईच्याच फळीवर बसावा, असा या राज्याचा कायदाच आहे, असे तिला वाटले, आणि तिचे डोळे भरून आले. ती वाकली. इतक्यात कोषाने आतून एक हिसका दिला. हात नाही, पाय नाही, डोळा नाही, आणि तरी त्या जिवाने आपली जागा सोडणार नाही म्हणून सांगितले. राणीने पाते मिटून खिशात घातले आणि तेथेच पायरीवर बसून राहिली.

द्रौपदाकाकू ताकाचा तांब्या घेऊन आल्या, तिच्याजवळ टेकल्या आणि कोषाकडे पाहून म्हणाल्या, "किड्यापायी आडलाय व्हय तुमी? मग ऱ्हावा की वो. कोण हाकलतंय? कोंबडी अंड्यावर बसली म्हंजी आमी तिला उठीवतो व्हय?" मग तांब्या पुढे सरकवीत म्हणाल्या, "पर एक सांगते बाई. माज्या कोंबड्या लय वंगाळ. किडा दिसला की टिपलाच. राखण बसवाया पायजे." हे बोल दारात उभ्या केतकीने ऐकिले आणि जागच्या जागी खलबत बसले. राजे डोळे चोळीत आले आणि त्यांस वर्तमान कळले तेव्हा त्यांनी नकाशा उघडून दाखविला, "अरे, पुढची ठाणी सगळी बुडतील! एका मटारापायी?" अबीर म्हणाला, "बाबा, लढाईत आपला माणूस मागे टाकून जातात का?" राजांनी नकाशाकडे पाहिले, अबीराकडे पाहिले, ताकाच्या तांब्याकडे पाहिले, आणि नकाशाची घडी केली. मग आई आणि लेक यांच्यात तह जाहला. फळी जागची हलवू नये. राणीने रंगवावे, परंतु हात हलका ठेवावा. खोडरबर घासू नये, कारण त्याने फळी थरथरते. काढले ते काढले. आणि दोन्ही मुलांनी फळीच्या पलीकडे पडवीच्या कठड्यावर बसून, कोषावर नजर ठेवून, कोंबड्यांपासून राखण करावी. राजांकडे चहा आणि कडीपत्त्याविना पोहे करण्याचे काम आले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राणी रंगवावयास बसली आणि तिला एक चमत्कार जाणवला, की कोणी हाक मारीत नाही. माझा टॉवेल कुठाय नाही, हा मला मारतो नाही, भूक लागली नाही. पोरे समोर बसलेली, गालांवर मुठी टेकलेल्या, गप्प. राजे फणसाखाली बाजेवर जे निजले ते भाकरीच्या वासाने उठले, आणि म्हणाले, "कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो." राणीने डोंगर काढावयास घेतला होता. दोन दिवस डोंगरावर गेले आणि डोंगर काही केल्या उठेना. आणि दर वेळी फळीवरून डोंगराकडे पाहावे तो मध्ये दोन चेहरे. एरवी ज्यांचे नख कापावयाचे तरी दोघांनी धरावे लागे, ती पोरे पुतळ्यासारखी बसली होती, कपाळावर उन्हाची तिरीप, अबीराचे तोंड किंचित उघडे, पुढचा दात पडून झालेली खिडकी दिसते आहे. मग तिने डोंगर फिका पाण्यात विरू दिला आणि ते दोन चेहरे धरिले. खोडावयाची सोय नव्हती म्हणून भीत भीत एकेक रेघ घातली, आणि रेघ चुकली तरी तीच पुढे नेली, आणि हात असा हलका पडला की तिचा तिलाच ओळखू येईना. मध्येच एक तांबडी कोंबडी चालून आली ती अबीराने चप्पल फेकून परतविली. रोज सकाळ ऐशी जाई, आणि रोज दुपारी ओढ्यावर सारे डुंबावयास जात, आणि कोणीही पुढल्या गावाचे नाव काढीत नसे.

मग एके दिवशी कोष काळसर पडला आणि आत पंखांची नक्षी दिसू लागली, आणि दुसरे दिवशी सकाळी तो फाटला. ओले, चुरगळलेले फुलपाखरू बाहेर आले, कडेला लोंबकळत राहिले, आणि पंख हळूहळू भरले. काळ्यावर पिवळट ठिपके, खाली तांबडा डाग. काकू चूल सोडून आल्या होत्या. उडण्याआधी मटाराने एक मातकट थेंब टाकिला तो नेमका चित्राच्या कोपऱ्यात पडला, आणि अबीर ओरडला, "मटारने सही केली!" राणी इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. थेंब तिने पुसला नाही. निघताना तिने काकूंचे हात धरिले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही राहा म्हणालात म्हणून झालं हे." काकू म्हणाल्या, "मी काय केलं? भाकऱ्या थापल्या. पुढल्या साली या, तवा कोंबड्या कोंडून ठेवते."

ज्येष्ठात चित्र खिडकीशेजारच्या भिंतीवर लागले. कुमुदिनीताई पुष्कळ वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "आलीस ती बरी आलीस." लोक थांबत. एक वृद्ध गृहस्थ चष्मा पुसून पुनःपुन्हा पाहत होते, ते म्हणाले, "आईकडे बघावं तशी बघतायत हो ही मुलं. असं बघणं रंगवता येत नाही सहसा." राणी खरे बोलणारी, तिला फुकटचा मान सोसेना, ती हसून म्हणाली, "नाही हो, आईकडे कसली बघतात! फळीच्या कडेला सुरवंटाचा कोष होता, त्याची राखण चाललीय." तेव्हा केतकीने तिची ओढणी ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "अबीर बघत होता मटारकडे. मी नाही." राणी म्हणाली, "मग तू काय बघत होतीस?" केतकी म्हणाली, "तुला. तू रंगवताना ओठ मिटून गुणगुणतेस, माहितीये? आणि तुला कसलीच घाई नसते. मला ती आई बघायची होती, म्हणून मी रोज राखणीला बसायचे. कोष काय, तो तर हलतसुद्धा नव्हता." राणीने वळून चित्र सरळ करावयास घेतले. चित्र सरळच होते.

एवंच, वतन कायम जाहले. शाळेच्या प्रकल्पास शेरा बरा मिळाला. राजे पुढील वर्षी एकाच गावी मुक्काम करावा म्हणतात, आणि ही कल्पना आपलीच होती ऐसेही म्हणतात. राणी त्यांस तसे म्हणू देते. आता आदितवारी सकाळी ती गॅलरीत फळी मांडिते, आणि केतकी शेजारी येऊन बसते, राखणीचे काही नसताना. राज्य सुखी आहे, आणि सुखी आहे हे राणीस ठाऊक आहे. याहून अधिक कोणत्या राज्याविषयी लिहावे? लेखणी येथे धुऊन ठेविली.