दोरवळ्या भक्ताची सुटका आणि घरभर यंत्राची बिदागी

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि जे बुवा आरतीपर्यंत आवाज राखून ठेवितात त्यांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सरे, माघ मासी जे वर्तमान घडले ते ऐसे जे, नदीकाठच्या मुलुखी चार दालनांचे एक संस्थान होते. गादीवर राव नरहरपंत, बँकेच्या कारभारातून निवृत्त जाहलेले, क्रिकेटचे भोक्ते. राणीसाहेब शालिनीबाई, मालिकांच्या अभिमानी. युवराज मंदार, परदेशी मल्लांच्या कुस्त्या पाहणारे. आणि रावांच्या थोरल्या भगिनी सगुणाक्का, ज्यांनी लग्न केले नाही, शाळेत हयात घालविली, आणि कीर्तन म्हटले की चुलीवरचे दूध उतू गेले तरी ज्यांस कळत नसे. टीव्ही दालनोदालनी होते, परंतु गच्चीवरच्या छत्रीची तार दिवाणखान्यातल्या एकाच टीव्हीस पोहोचत असे, आणि रिमोट ज्याचे हाती त्याचा अंमल. मग रोज सायंकाळी त्या रिमोटावरून चकमकी होत, आणि त्यात अक्कांचे कीर्तन नित्य मागे पडे, कारण अक्का त्याच वेळी रामाच्या देवळी हार गुंफावयास जात आणि माघारी येत तो वैरी ठाणे देऊन बसलेला असे.

तेसमयी छत्रीचा मालक जो आकाशदरबार, ज्यास हे संस्थान दरमहा खंडणी भरीत असे, त्या दरबाराने नवे यंत्र काढिले. यंत्राचा गुण ऐसा की टीव्हीवर जे चालले असेल ते पकडून पोटात साठवावे, आणि मग घरातल्या कोणत्याही दालनी, ज्यास जेव्हा सवड होईल तेव्हा, त्याने ते काढून पाहावे. त्यास घरभर यंत्र म्हणत. यंत्र उत्तम, परंतु त्याचा भाव काय ठेवावा हे दरबारास उमगेना. रयतेस पुसावे तर रयत म्हणे, फुकट असेल तर ठेवून जा. मग दरबाराने युक्ती योजिली की निवडक घरी यंत्र महिनाभर विनामोल मांडावे, सवय लागू द्यावी, आणि मग वकिलाने जाऊन विचारावे की आता याचे काय द्याल. या संस्थानाकडे दिनाजीपंत शेटे नावाचे वकील रवाना जाहले. गळ्यात ओळखपत्र, पाठीस पोतडी, बोलणे लाघवी. त्यांनी दिवाणखान्यात मुख्य यंत्र मांडिले, बाकी दालनी छोट्या पेट्या बसविल्या आणि तारा ओढिल्या. अक्कांनी बाकी काही न पुसता एवढेच पुसिले की हे कीर्तन पकडील काय. वकील म्हणाले, "पकडील म्हणजे काय अक्कासाहेब, बुवांच्या खोकल्यासकट पकडील." अक्कांस संतोष जाहला, आणि त्यांनी वकिलास शिरा खावयास घातला.

माघ शुद्ध दशमीस वामनबुवा आरवडेकर यांचे कीर्तन पाच ते सहा या वेळी दाखविले जाणार होते. अक्कांनी मंदारकडून यंत्रास हुकूम देवविला आणि देवळी गेल्या. माघारी येऊन, हातपाय धुऊन, आपल्या दालनी पाट मांडून, टीव्हीपुढे उदबत्ती लावून बसल्या. पूर्वरंग सुरेख रंगला. उत्तररंगी बुवांनी आख्यान लाविले ते गोणाजी दोरवळ्याचे. गोणाजी अंबाडीचा दोर वळी, आणि दर पिळास नाम घेई, म्हणोन गावोगाव लोक त्याचाच दोर मागत. गावचा पाटील मत्सरी. तो म्हणाला, तुझ्या दोरात एवढा देव असेल तर तूच लोंबकळून दाखीव. मग त्याने गोणाजीस त्याच्याच दोराने खोल विहिरीत सोडिले आणि वर कोयता घेऊन बसला. दोर तीन पदरी. पहिला पदर कापिला, गोणाजीने नाम घेतले. दुसरा कापिला, गोणाजीने नाम घेतले. मग तिसऱ्या पदरास कोयता लागला, आणि तबला थांबला, पेटी थांबली, आणि बुवांनी हात उंच करून आवाज लाविला की त्या क्षणी, आणि येथे पडदा काळा होऊन त्यावर अक्षरे उमटली की कार्यक्रम संपला. कारण बुवा नेहमीप्रमाणे वेळेबाहेर गेले होते, आणि यंत्र घड्याळाचे चाकर, ते सहा वाजताच झाकण लावून मोकळे जाहले.

अक्कांस प्रथम वाटले की आपलेच बोट कोठे लागले. मंदारने तपासून सांगितले की पुढे काहीच नाही. मग अक्का जेवावयास बसल्या, परंतु घास उतरेना. मनात एकच चित्र की तो गरीब माणूस एका पदरावर लोंबकळतो आहे, बुवांचा हात वर आहे, आणि आपण येथे भरल्या ताटावर बसलो आहो. दुसरे दिवशीही तेच. फुले गुंफिता दोरा हाती आला की डोळे भरून येत. राव हसत म्हणाले, "अक्का, देव येतो गं. कीर्तनात देव न येऊन जाईल कुठे?" अक्का म्हणाल्या, "आला असेल, नरू. पण माझ्यादेखत नाही आला." त्यावर रावांनी क्रिकेटचा आवाज बारीक केला.

अक्कांचा निश्चय ऐसा की गोणाजी वर येईतो स्वस्थ बसणे नाही. प्रथम दरबाराच्या दूरध्वनीवर गाऱ्हाणे घातले. तेथे पुष्कळ आकडे दाबविल्यावर एक बाई बोलिल्या की अडचण काय आहे. अक्कांनी खरे ते सांगितले की माणूस विहिरीत आहे. बाई घाबरून म्हणाल्या की मॅडम, आपण अग्निशामक दलास कळवावे. तो मार्ग खुंटला. मग देवळातल्या बायकांस पुसिले, परंतु त्या दिवशी प्रत्येकीच्या घरी दुसरेच काही लागले होते. मग दूरदेशी त्या वाहिनीच्या कचेरीस फोन केला तेव्हा कळले की तेच कीर्तन येत्या शुक्रवारी चार वाजता पुन्हा एकवार दाखविणार, आणि त्यानंतर कधी ते सांगवत नाही. अक्कांस हर्ष जाहला, परंतु लागलाच जिरला, कारण शुक्रवारीच शालिनीबाईंच्या भाचीचे लग्न दूरच्या गावी ठरले होते आणि सर्वांची स्वारी तिकडे जाणार होती. अक्कांनी मागे राहण्याचा विचार करून पाहिला. मग मनात म्हणाल्या, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकणे चुकवून कीर्तन ऐकले तर ते वामनबुवांसच आवडणार नाही. तेव्हा आता भार यंत्रावरच, आणि यंत्र तर घड्याळाचे चाकर.

म्हणोन वकिलास बोलाविणे गेले. दिनाजीपंत आले, त्यांनी यंत्र उलटे सुलटे पाहिले आणि म्हणाले की यंत्रात दोष नाही, दोष बुवांत आहे, त्यांनी वेळेत आटपावे. अक्का रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बसा, आधी ऐका. वकिलास अजून तीन घरी जावयाचे होते. ते पाटाच्या कडेवर बसले, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. मग गोणाजीचा दोर वळू लागला आणि वकील मागे सरकून नीट बसले. पहिला पदर कापिला तेव्हा त्यांनी पोतडी खाली ठेविली. दुसरा कापिला तेव्हा चहा निवला. आणि पडदा काळा जाहला तेव्हा वकील अक्कांकडे वळून बोलिले, "मग?"

अक्का म्हणाल्या, "तेच मी आठवडाभर विचारते आहे."

दिनाजीपंत खजील जाहले. त्यांनी दरबारी फोन लाविला, तेथून उत्तर की वाहिनीने दिलेल्या वेळेपुढे यंत्रास चालविता येत नाही. मग अक्कांनीच डोके चालविले. त्यांनी पुसिले की कीर्तनानंतर काय लागते. मंदारने यादी पाहून सांगितले की गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, अर्धा तास. अक्का म्हणाल्या की मग यंत्रास सांगा, तेलवाल्यासही पकड, बुवांची आरती त्याच्याच दारात सापडेल. वकील पाहतच राहिले. ऐसा हुकूम आजवर कोणी दिला नव्हता, परंतु यंत्राने तो निमूट घेतला.

मग गुरुवारी, निघण्याच्या गडबडीत, बोचकी दारात आली असता मंदार ओरडत आला की यंत्राचे पोट भरले, आणखी काही मावत नाही. पाहतात तो आत कुस्त्या, मालिका आणि सामने खच्चून भरलेले. आता प्रत्येकाने काही सोडावे हा प्रसंग. प्रथम शालिनीबाई म्हणाल्या, "वन्सं, माझे भाग काढा. ती बाई तीन आठवडे एकच जिना उतरते आहे." तेवढ्याने भागेना. मंदारने दोन मल्ल मुक्त केले, तरी भागेना. मग रावांनी आपला लाडका सामना, जो त्यांनी शेवटच्या चेंडूपर्यंत पुनःपुन्हा पाहिला होता, स्वहस्ते पुसला आणि बोचके उचलून गाडीत जाऊन बसले. अक्कांनी ते पाहिले. आजवर या भावाकडून राखी-भाऊबीजेस अनेक वस्तू मिळाल्या, परंतु ही ओवाळणी मोठी, ऐसे मनात आणून त्याही गाडीत बसल्या, आणि वाटेत त्यास आपल्या डब्यातली शेवटची वडी दिली.

लग्न यथासांग जाहले. रविवारी सर्वांची स्वारी माघारी आली, त्याच दिवशी वकीलही आले, कारण महिना भरला होता आणि भाव पुसावयाचा होता. अक्का म्हणाल्या की आधी गोणाजी, मग भाव. या खेपेस सर्वजण दिवाणखान्यात बसले, कारण प्रत्येकाने काही सोडिले होते आणि ते कशापायी सोडिले ते पाहावयाचे होते. तिसऱ्या पदरास कोयता लागला. तबला थांबला. बुवांचा हात वर गेला, मागील खेपेगत पडदा क्षणभर काळा जाहला, आणि मग तेलवाल्याच्या नावाखालून बुवांचाच आवाज चढत आला की त्या क्षणी देव धावला, आणि हातात चक्र नाही, गदा नाही, देव अंबाडीचा धागा जाहला, आणि दोराचा चौथा पदर होऊन बसला. पाटील कापीत राहिला आणि चौथा पदर काही त्यास सापडेना. तबला कोसळला, टाळ कोसळले, आणि गोणाजी निथळत वर आला. अक्कांनी डोळे पुसले. पाहतात तो रावही पुसत होते, आणि वकील छताकडे पाहत होते.

आरती लागताच अक्का उभ्या राहिल्या, तशी सभा उभी राहिली. निरांजन फिरले, आणि रिवाजाप्रमाणे ताट सर्वांपुढे आले, ज्यात कोणी किती टाकावे हे कोणी कोणास सांगत नाही. रावांनी दोनशे टाकिले, शालिनीबाईंनी शंभर, मंदारने पन्नास, वकिलांनीही न कळत पन्नास, आणि अक्कांनी शंभर. मग वकिलांस आपले काम आठवले. त्यांनी नजरेने बेरीज केली आणि आनंदून ताटाकडे हात नेत बोलिले की दरबाराची अपेक्षा दरमहा तीनशेची, येथे तर पाचशे जाहले, तर हाच भाव कळवितो.

"हात काढा, दिनाजीपंत. ते बुवांचे," अक्का बोलिल्या. "तुमचे यंत्र बुवा नव्हे, साथीदार. पेटीवाला बुवांएवढे मागत नाही, आणि आरतीआधी पेटी मिटून उठत नाही. तुमचा उठला होता. तरी शिकला, म्हणून देते. आमच्या देवळात ताटातला चौथा हिस्सा साथीला. तेवढाच मी वेगळा काढून दरमहा देईन. सव्वाशे. आणि कथा पुरी झाली तर."

वकील काकुळतीस आले की अक्कासाहेब, एवढा कमी आकडा नेला तर दरबार मलाच विहिरीत सोडील. अक्का म्हणाल्या, "सोडू दे. दोर मी धरते." आणि बोलून थांबल्या नाहीत. यंत्राची तार स्वहस्ते काढिली, यंत्र धुवट पंच्यात गुंडाळून उंबऱ्याशी ठेविले, की मान्य नसेल तर आजच न्यावे. यंत्राबरोबर गोणाजीही जाणार हे त्यांस ठाऊक होते, आणि पंच्याची गाठ मारिताना हात जरा रेंगाळला, परंतु गाठ पक्की मारिली. राव म्हणाले, अक्का म्हणते तेच संस्थानाचे म्हणणे.

वकिलांनी तेथूनच दरबारी कळविले, लाघव सोडून, आपल्याच जबानीने, की रयत कथा पुरी ऐकण्याचे मोल देते, अर्धी ऐकण्याचे नाही, आणि आपण स्वतःही न विचारता पन्नास टाकिले ते दोर तुटला नाही म्हणोन. दरबारात बरीच खळबळ जाहली. परंतु इतर घरांतूनही लोकांनी यंत्रे माघारी लाविली होती, तीनशेस कोणी उभे राहीना. मग उंबऱ्यावरचे यंत्र उचलण्याआधीच उत्तर आले की सव्वाशे मान्य, सरकारी कर वेगळा. अक्का म्हणाल्या, चालेल, देवळाबाहेर चपला सांभाळणारासही द्यावेच लागते. मग पंच्याची गाठ सुटली. ताटातले पाचशे मनिऑर्डरीने बुवांकडे रवाना जाहले.

येणेप्रमाणे त्या संस्थानी यंत्र नांदते जाहले. राव आता कीर्तनाच्या दिवशी तेलवाल्याचा हुकूम आठवणीने स्वतः देतात, आणि दिनाजीपंत वसुलीस येतात ते नेमके आरतीच्या वेळी. सारांश इतकाच की गोणाजी विहिरीतून वर आला, यंत्राचा भाव वरून खाली आला, आणि दोन्ही वेळा दोर सुटू दिला नाही. लेखनसीमा.