लाउंजच्या दारात सासूबाई

विमानतळावरच्या लाउंजचे नियम मला पाठ आहेत. सगळेच्या सगळे बावीस! झोपेतून उठवून विचारा, क्रमांकासकट सांगेन. नवरा म्हणतो, एकदा मी झोपेत त्याला म्हणाले होते, "सॉरी, सोबत एकच पाहुणा."

लाउंज म्हणजे काय ते सांगते. विमानाची वाट बघत बाकीची जनता लोखंडी खुर्च्यांवर अवघडून बसलेली असते, तेव्हा काही ठराविक मंडळी काचेच्या दारामागे मऊ सोफ्यांत रुतून कॉफी पीत असतात. ती जागा म्हणजे लाउंज. आणि त्या दाराशी, काउंटरवर, गळ्यात निळा रुमाल बांधून जी बसते ती मी! ज्यांच्याकडे बडं चार्ज कार्ड, म्हणजे महिनाअखेर सगळं बिल चुकतं करायचं श्रीमंती कार्ड, आहे त्यांनाच आत सोडायचं, हे माझं काम. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच हवं. विमानाला तीन तासांहून जास्त अवकाश असेल तर आत सोडायचं नाही. सोबत पाहुणा एकच. पाहुण्याला सोफ्यात बसवून कार्डवाल्याने बाहेर हिंडायचं नाही. एकदा एक कारखानदार भाऊ, मेहुणा, मेहुण्याचा भागीदार अशी वरात घेऊन आले होते. मी मेहुणा ठेवला आणि बाकीची वरात परत पाठवली. सहा वर्षांत माझ्या दारातून चुकीचा माणूस आत गेलेला नाही. माशी गेली असेल, पण तिच्याकडेही कार्ड असणार!

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी मात्र मी सकाळपासून घाबरलेली होते. आमच्याकडे काउंटर प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे ठरवायला सुपरवायझर मॅडम वही घेऊन माझ्या पाठीशी उभ्या राहणार होत्या. पूर्ण पाळी! या मॅडमना आम्ही 'स्कॅनर' म्हणतो. बॅगेत कात्री आहे हे यंत्राला कळायच्या आधी त्यांना कळतं.

आणि नेमकं त्याच दिवशी माझा नवरा आणि सासूबाई नणंदेकडे निघाले होते. विमानाने! माझ्याच विमानतळावरून!

आता नियम क्रमांक चौदा ऐका. 'काउंटरवरील कर्मचाऱ्याने आपल्या नातेवाइकास लाउंजमध्ये प्रवेश देऊ नये.' गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या काउंटरवालीने मावसबहिणीला पाच मिनिटं आत बसवलं. फक्त पाच! दुसऱ्या दिवसापासून ती हरवलेल्या बॅगांच्या खोलीत. खिडकी नाही, पंखा नाही, समोर सतत कुणीतरी ओरडतंय. परवा भेटली तर बोलताना स्वतःच दचकत होती.

म्हणून आदल्या दिवशी मी नवऱ्याला नीट बजावलं होतं.

"हे बघा, माझ्या काउंटरकडे फिरकायचं नाही. सरळ गेटवर जाऊन बसायचं."

"बरं," नवरा म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता! नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना लांबचं दिसायला लागावं म्हणून तो धडपडतो. मला मात्र समोरचा नवरा दिसला नाही.

साडेदहाला लाउंजसमोरच्या लांबलचक बोळातून दोन आकृत्या येताना दिसल्या. एक ताठ, हातात पिशवी धरलेली. दुसरी मजेत, शीळ घालत. पाठीमागे मॅडमचं पेन वहीवर खरखरत होतं.

नवरा काउंटरपाशी आला, खिशातून एक कार्ड काढलं आणि काचेवर ठेवलं. टण्ण! धातूचं कार्ड! मी असली कार्डं रोज पन्नास बघते, पण नवऱ्याच्या हातात? दुकानाच्या खरेदीवर त्याला ते मिळालं होतं आणि महिनाभर त्याने चकार शब्द काढला नव्हता. बायकोच्या दारातून ऐटीत आत जायचं, एवढ्यासाठी!

"काय मग?" तो भुवया उडवत म्हणाला.

बोळभर नाचावं इतका अभिमान वाटायला हवा होता. मला डोळ्यांसमोर फक्त हरवलेल्या बॅगा दिसल्या.

"नमस्कार साहेब. आपलं स्वागत आहे," मी म्हणाले.

"साहेब?" नवरा खूश झाला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. "आई, ऐकलंस का? साहेब म्हणाली मला! घरीही म्हणत जा ना."

पेनची खरखर थांबली. मी घाईघाईने त्याचा बोर्डिंग पास उचलला आणि वेळ बघितली. देव पावला! विमानाला तीन तास वीस मिनिटं होती.

"साहेब, तीन तासांच्या आत प्रवेश मिळतो. आपल्याला अजून वीस मिनिटं आहेत. तोवर गेटकडे जाऊन बसावं. लांबच्या गेटकडे. तिथे फार छान खुर्च्या आहेत."

"इथंच बसतो की," नवरा म्हणाला आणि दोघं माझ्या नाकासमोरच्या बाकावर बसली.

ती वीस मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत! एक वैमानिक आला, त्याला मी "आई" म्हणाले. एका बाईंचं कार्ड उलटं सरकवलं. समोरच्या बाकावरून सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले नव्हते, उठून उभी राहिले नव्हते, पाणी विचारलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट नोंदवली जात होती. म्हणजे माझ्या मागे एक वही आणि पुढे एक!

शेवटी त्या उठल्या, काउंटरपाशी आल्या आणि पिशवीतून माझा स्टीलचा डबा काढून समोर ठेवला.

"ओट्यावर विसरून आलीस," त्या म्हणाल्या. "उपाशी राहून पित्त होतं तुला. मग तीन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाहीस."

डब्याच्या झाकणावर आमचं आडनाव कोरलेलं होतं. तेच माझ्या छातीवरच्या पाटीवर होतं. मी डब्यावर दोन्ही हात ठेवले. मागून परफ्यूमचा वास जवळ आला. मॅडम पुढे सरकल्या होत्या.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, आपला काही गैरसमज होतोय."

मावशी! बारा वर्षं एका घरात राहून, एका ओट्यावर पोळ्या लाटून, मी सासूबाईंना मावशी म्हणाले! आणि वर गैरसमज! शब्द परत गिळता आले असते तर डब्याऐवजी तेच खाल्ले असते. सासूबाई वळल्या आणि बाकावर जाऊन काचेबाहेरची विमानं बघत बसल्या.

नवरा मात्र धावत आला.

"अगं, काय झालं तुला? आईला ओळखत नाहीस?"

आता बोलून सांगायची सोय नव्हती. मी डोळ्यांनी खुणा करायला लागले. डावा डोळा मिटून मागे मॅडमकडे दाखवलं. उजवा मिटून गेटकडे दाखवलं. जा! निघा! पळा! एखाद्या साध्या नवऱ्याला कळलं असतं. पण माझा चष्मेवाला!

"पापणी फडफडतेय," तो गंभीर होत म्हणाला. "दोन्ही बाजूंची. किती दिवस होतंय हे? आणि माणसं ओळखू येत नाहीत? वर बघ!"

त्याच्या खिशात पेनाएवढी एक बॅटरी कायम असते. त्याने ती काढली, काउंटरवरून अर्धा आत वाकला, एका हाताने माझी हनुवटी धरली आणि डोळ्यात झगझगीत उजेड सोडला.

"बाजूला बघ. आता नाकाकडे."

"अहो, सोडा!" मी कुजबुजले.

"घाबरू नकोस, मी आहे ना!"

"सिक्युरिटी!" मॅडम कडाडल्या.

दारावरचा रखवालदार, आम्ही त्याला 'कपाट' म्हणतो, दोन ढांगांत आला आणि त्याने नवऱ्याला काखेत धरून उचललं. नवऱ्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर! बॅटरी गडगडत बाकाखाली गेली. आतले सोफेवाले कॉफीचे कप घेऊन काचेला नाकं लावून उभे राहिले.

"सोडा मला! बायको आहे ती माझी!" नवरा ओरडला.

"सगळे असंच म्हणतात," कपाट म्हणाला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू ओळखतेस या माणसाला? हो की नाही, एवढंच सांग. नाही म्हणालीस तर पोलिसांना बोलावते."

हसू नका, पण खरं सांगते, क्षणभर जीभ 'नाही'कडेच वळली होती. मनात बिनखिडकीची ती खोली आली. प्रमुखाचा वाढीव पगार आला. मग मी त्याच्याकडे पाहिलं. शर्ट पँटमधून बाहेर आलेला, स्वतःचाच चष्मा एका कानावर लोंबकळतोय, आणि अशा अवस्थेतही तो माझ्या पापण्यांकडे काळजीने बघत होता.

"ओळखते," मी म्हणाले. "माझे मिस्टर आहेत. आणि त्या बाकावर माझ्या सासूबाई. चूक माझी आहे, मॅडम. त्यांना सोडा. मी बॅगांच्या खोलीत जाते."

"बॅगांच्या खोलीत कशाला?"

"नियम क्रमांक चौदा. नातेवाइकास प्रवेश देऊ नये."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग काउंटरखालची नियमांची वही काढली, चौदावा नियम काढला आणि पान उलटलं. दर नियमाला एक पान, आणि पानाची मागची बाजू मी सहा वर्षांत कधी बघितली नव्हती! नियम तिथे संपत नव्हता. मागच्या बाजूला वरच्याच ओळीत होतं, 'मात्र अशा नातेवाइकाकडे स्वतःचे वैध कार्ड असल्यास हा नियम लागू नाही.'

"त्या दुसरीच्या मावसबहिणीकडे कार्ड नव्हतं," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "यांच्याकडे आहे, आणि आई त्यांची एक पाहुणी. आणि त्यांची वेळही झालीय. कार्ड घाल यंत्रात."

मी कार्ड घातलं. हिरवा दिवा लागला. कपाटाने नवऱ्याला अलगद खाली ठेवलं आणि त्याचा शर्ट नीट केला.

"या, साहेब," तो म्हणाला.

नवरा आत गेला. जाताना मला म्हणाला, "थेंब देतो डोळ्यात घालायला. दिवसातून दोनदा." सासूबाई त्याच्या मागून गेल्या. माझ्या अंगावरून, मान ताठ, जणू मी दाराची चौकट! दोन तास त्या सोफ्यात बसून होत्या. मी तीनदा आत डोकावले. तिन्ही वेळा त्या टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होत्या.

पाळी संपताना मॅडमनी मला बोलावलं.

"नियम तुला चुकीचा समजला होता," त्या म्हणाल्या. "पण चुकीचा का होईना, तू तो सासूवर लावलास! अशी बाई मला आजवर भेटली नाही. उद्यापासून तू काउंटर प्रमुख."

मी घरी आले ती तरंगतच. नवऱ्याला फोन केला, तो तिकडून ओरडला, नणंदेने अभिनंदन केलं. सासूबाई म्हणे आंघोळीला गेल्या होत्या. तासाभराने केला तरी आंघोळच चालू होती!

दुसऱ्या दिवशी प्रमुखाच्या खुर्चीत बसले. पहिलं काम तक्रारपेटी उघडायचं. आत एकच फॉर्म होता. अक्षर ओळखीचं. आमच्या घरच्या वाणसामानाच्या यादीचं!

'सोफे: मऊ आहेत. कॉफी: पाणचट. स्वच्छता: बरी. काउंटरवरील बाई: उद्धट. वयस्कर माणसाला मावशी म्हणते. चेहऱ्यावर हसू नाही. घरीही अशीच असते.'

आमच्याकडे नियम आहे, सतरावा, पानाच्या दोन्ही बाजू वाचून खात्री केली. प्रत्येक तक्रारीला काउंटर प्रमुखाने स्वतःच्या सहीने, कंपनीच्या छापील कागदावर, दोन दिवसांत लेखी माफी मागायची. मी मागितली. 'आदरणीय ग्राहक, आमच्या कर्मचाऱ्याच्या वागणुकीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.' खाली माझी सही, शिक्का.

सासूबाई नणंदेकडून परतल्या. आता माझ्याशी बोलतात, छान बोलतात. ते पत्र मात्र त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलंय. पाहुणे आले की मला चहा करायला आत पाठवतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. 'समज देण्यात आली आहे' हे वाक्य दोनदा!