तीन तळी आणि एक सपाट नकाशा

एका जंगलात, मुलांनो, एका उतारावर तीन तळी होती. एक वर, एक मध्ये, एक खाली, आणि पायथ्याशी नदी. वरच्या तळ्यात दुर्गी नावाची पाणमांजर आपल्या दोन पिल्लांसह राहायची. पिल्लांना अजून पोहता येत नव्हतं. ती काठावर बसून पाण्याला पाय लावायची आणि मागे पळायची.

जंगलाचा राजा वाघ. तो एकदा दूरच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथे त्याला होडीतून फिरवलं. परत आल्यावर तो म्हणाला, "आपली तळी जोडा. बाहेरचे प्राणी येतील, नौकाविहार करतील."

पर्यटनमंत्री होते मुंगूसराव. त्यांनी लगेच नकाशा काढला. तीन गोल, मध्ये निळी रेघ. मुंगूसराव स्वतः पाण्यात कधी उतरले नव्हते.

दुर्गी दरबारात गेली. "महाराज, वरचं तळं उंचावर आहे. नुसता चर खणला तर सगळं पाणी खाली जाईल. मध्ये दारं बसवा. पाणी अडवून होड्या वर-खाली नेता येतील."

"दारं बसवली तर होड्या थांबतील," मुंगूसराव म्हणाले. "पाहुणे थांबायला येत नाहीत."

राजाने नकाशा नीट पाहिला. "यात तर तिन्ही तळी एकाच पातळीवर आहेत."

"कागद सपाट असतो, महाराज."

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. मग मुंगूसराव हळूच म्हणाले, "बाईंचा विकासाला विरोध दिसतो." सगळ्यांना हायसं वाटलं.

रानडुकरांनी महिनाभर चर खणले. उद्घाटनाला राजा वरच्या तळ्यात होडीत बसला. मातीचा शेवटचा बांध फोडला. होडी सुटली ती थेट मधल्या तळ्यातून खालच्या तळ्यात, आणि तिथला काठ फोडून नदीकाठच्या चिखलात.

राजा चिखलातून उठला. मिशा पुसत म्हणाला, "छान. पुन्हा एकदा."

पण पुन्हा करायला पाणी उरलं नव्हतं. तिन्ही तळ्यांत नुसता गाळ. बगळे मात्र दोन दिवस जेवत होते.

दुर्गीने एकेक पिल्लू तोंडात धरून नदीवर नेलं. नदीचं पाणी खोल होतं. पिल्लं रडली, गटांगळ्या खाल्ल्या, आणि चौथ्या दिवशी पोहायला लागली.

पाचव्या दिवशी मुंगूसराव आले. काठावरच, कोरड्यात उभे राहिले.

"ताई, चौकशी झाली. पाणी जाणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं, असं निष्पन्न झालंय."

"मी दरबारात सांगितलं होतं."

"तोच तर पुरावा. पण महाराज उदार आहेत. माफी दिली, शिवाय नव्या योजनेत सल्लागार नेमलंय. आता नदी वर नेऊन तळ्यांना जोडायची आहे."

"नदी चढ कसा चढेल?"

मुंगूसरावांनी पिशवीतून नकाशा काढला आणि गवतावर पसरला.

दुर्गीने तो पाहिला नाही. पिल्लांना हाक मारली. तिघंही पोहत पलीकडच्या काठाला गेली. तिथे दुसऱ्या राजाचं जंगल होतं, आणि त्याने अजून होडी पाहिली नव्हती.

तात्पर्य: मुलांनो, पाणी उताराकडे जातं हे दरबाराला सांगायच्या भानगडीत पडू नका. दरबाराला ते उद्घाटनाच्या दिवशी कळतंच. तुम्हाला आधी कळलं असेल, तर तेवढ्या वेळात पोहायला शिका.