शोवा पंचेचाळीस, इकडं ये!

आमच्या शुक्रवार पेठेत शक आणि इसवी सन अशी दोन सालं चालत. तिसरं साल फक्त चन्नप्पाअण्णांच्या दुकानात चाले. बिलावर तारीख टाकताना ते खुशाल 'शोवा पन्नास' लिहीत. जपानात नवा राजा गादीवर बसला की सालं पुन्हा एकपासून मोजतात, आणि तेव्हाच्या राजवटीचं नाव शोवा. ही मोजणी पाळणारा सोलापुरात एकच माणूस होता, आणि तो खिळे-बिजागऱ्या विकत होता.

एकदा विक्रीकराचे साहेब भडकले. "हे कुठलं साल?"

"तुमच्या पंच्याहत्तरातनं पंचवीस वजा करा की," अण्णा म्हणाले. "जपानात एवढ्यासाठी कुणी वरडत न्हाई."

अण्णा जपानला गेले नव्हते. बार्शीच्या पुढं ते कुठंच गेले नव्हते.

झालं होतं असं. एका गिरणीत जपानी यंत्र बसवायला तिकडचा फिटर आला होता. तो दुकानात नट-बोल्ट घ्यायला येई. जाताना त्यानं आठवण म्हणून एक पिवळं, मधोमध भोक असलेलं चकतं अण्णांच्या हातावर ठेवलं. अण्णांनी ते वायसरच्या डब्यात टाकलं. पुढं एका गिऱ्हाइकानं ते परत आणलं. "अण्णा, ह्या वायसरवर कणीस हाय की!"

त्या दिवसापासून अण्णा बिघडले. त्यांनी फिटरला शेंगाची चटणी पाठवली, त्यानं नाणी पाठवली. चटणी संपली की नाणी येत. जुन्या सालांची, नव्या सालांची, सगळी पाच येनची. अण्णा भिंगातून बघत आणि मला बोलावत.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. अण्णा मला नावानं हाक मारत नसत, 'बीकॉम' म्हणत, आणि मला ते मनापासून आवडे.

"बघ बीकॉम. ही भाताची लोंबी. ह्या रेघा म्हंजे पाणी. आन् भोकाभवती हे दातं, ते यंत्राचं चाक. शेती, पाणी, कारखाना, समदं एका पैशात! आपल्याकडं जोंधळा हाय, गिरणी हाय. पाणी तेवढं नळाला आलं की आपुन जपानच."

अण्णांना मूलबाळ नव्हतं. पण गल्लीत कुणाचं बारसं असलं की अण्णा हजर. आमच्याकडं पूर्वी भोकाचा पैसा पोरांच्या करदोड्यात ओवत, दृष्ट लागू नये म्हणून. तो पैसा आता मिळेनासा झाला होता. अण्णा बाळाच्या जन्मसालाचं जपानी नाणं काढत आणि स्वतः काळ्या दोऱ्यात ओवून देत. एका साली दोन पोरं जन्मली की जपानला चटणीचा मोठा डबा जाई. पोरांची नावं अण्णांच्या लक्षात राहत नसत. "ए शोवा पंचेचाळीस, गटारीत उतरू नको!" असं ते ओट्यावरून ओरडत.

मग शहरात नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. उत्तम संग्रहाला चषक होता. अण्णांनी सागवानी ट्रे करून घेतला, प्रत्येक सालाला एक खण. पाट्या मी लिहिल्या, वळणदार अक्षरात. अण्णा म्हणाले, "बीकॉम, लोक मला इतकी वर्षं येडा म्हणत्यात. एकदा तरी ह्यास्नी दाखवायचंय."

पण ट्रे भरायला बसलो तेव्हा निम्मे खण रिकामे. त्या सालांची नाणी गल्लीभर पोरांच्या कमरेला!

प्रदर्शनात डाळीचे व्यापारी मल्लूशेठ ट्रेवर वाकले. "अण्णा, ह्यात नाणी हायत का नुसती भोकं?" सगळे हसले. पुण्याहून आलेले परीक्षक मात्र गंभीर. "संग्रह अपुरा आहे. सालांची साखळी तुटते. क्षमस्व."

अण्णांचा चेहरा पडला. ते ट्रे उचलायला वाकले.

"साहेब, साखळी तुटली नाही, घरी राहिलीय," मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली. अभिमानानं सांगतो, ही कल्पना माझी.

थोड्या वेळानं आमची गल्ली हॉलमध्ये शिरली. आया, मावश्या, कडेवरची, शेंबडी, नुकती न्हायलेली पोरं. पाठोपाठ अण्णांच्या पत्नी, आमच्या काकूही आल्या.

"नाणी सोडून ट्रेत ठेवा," परीक्षक म्हणाले.

"काय तरीच!" एक मावशी कडाडली. "करदोड्याचं नाणं असं सोडत्यात व्हय? तुमी वाका की जरा!"

परीक्षक वाकले. अण्णांना एकदम कंठ फुटला. "शोवा एक्केचाळीस, सदरा वर! शोवा पंचेचाळीस, इकडं ये! हसू नको, साहेबास्नी वाचू दे!" परीक्षक गुडघ्यावर बसून पोटापोटाशी भिंग नेत होते. पोरांना गुदगुल्या होत होत्या. एकेका सालाला टाळ्या पडत होत्या, आणि सगळ्यात जोरात मल्लूशेठच्या.

"कमाल आहे," परीक्षक उठले. "पण पहिलाच खण, शोवा चोवीस? ह्या भोकाच्या नाण्याची सुरुवातच त्या सालची."

अण्णांनी एकदा काकूंकडं पाहिलं. मग त्यांनी सदऱ्याचं टोक उचललं. धोतराच्या वर, त्यांच्याच करदोड्यात, झिजून गुळगुळीत झालेलं नाणं होतं.

परीक्षकांनी भिंग लावलं. "बरोबर. आणि हे कुणाचं?"

"माझ्या पोरीचं," अण्णा म्हणाले. "गौरीचं."

काकूंनी झटकन मान वर केली. पोर बारशाआधीच गेली होती, हे गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना तेवढं माहीत. नाव मात्र काकूसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होत्या.

चषक अण्णांना मिळाला. ताशा लावून, पोरांना पुढं घालून आम्ही त्यांना पेठेत आणलं. आल्या आल्या अण्णांनी पेढे मागवले. चषक जिंकल्यावर पेढे वाटणारच, असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी पुडा सोडला, पहिला पेढा काकूंच्या हातावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "घे. बारशाचा हाय."